घरोघरी लोखंड पोचविणारा हॉफमन

वेटलिफ्टिंग हा खेळ दिसायला अगदी साधा. एक बार, त्याच्या दोन्ही टोकांना लोखंडी प्लेट्स आणि उचलणारा माणूस. परंतु हा खेळ ज्याला आपल्या घराच्या पडवीत किंवा गच्चीवर शिकायचा असतो, त्याच्यापुढचा पहिला प्रश्न ताकदीचा नसून पैशाचा असतो. लोखंड वजनावर विकले जाते. ते जड म्हणून त्याच्या वाहतुकीला पैसा पडतो आणि शिकणाऱ्याची ताकद जसजशी वाढते, तसतसे आणखी लोखंड घ्यावे लागते. या प्रश्नाला विसाव्या शतकात ज्या माणसाने व्यापारी उत्तर शोधले आणि त्या उत्तराच्या कमाईवर आपल्या देशाचा ऑलिम्पिक संघ उभा केला, तो म्हणजे अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील यॉर्क शहराचा बॉब हॉफमन. वेटलिफ्टिंगच्या इतिहासात त्याचे नाव कोणी आदराने घेतो, तर कोणी दातओठ खात. दोघांचीही बाजू खरी आहे.

रॉबर्ट कॉलिन्स हॉफमनचा जन्म ९ नोव्हेंबर १८९८ रोजी जॉर्जिया राज्यातील टिफ्टन येथे झाला. बालपण मात्र गेले पिट्सबर्गच्या परिसरात. अंगाने उंच आणि किडकिडीत असलेल्या या मुलाला नदीत होड्या वल्हविण्याचा नाद होता. पहिल्या महायुद्धात तो अमेरिकन पायदळातून फ्रान्सला गेला आणि १९१८च्या ऑगस्टमध्ये फिस्मेट या खेड्यात झालेल्या अतिशय रक्तरंजित लढाईतून जिवंत परतला. या युद्धाच्या आठवणींचे पुस्तक त्याने पुढे १९४० साली प्रसिद्ध केले. आपल्या शौर्याविषयी तो जे सांगे, त्यातले किती खरे आणि किती वाढवून सांगितलेले, याचा काथ्याकूट अभ्यासक करीत आले आहेत. स्वतःविषयी बोलताना हॉफमनला मोजमाप राहत नसे. मात्र तो त्या लढाईत होता, हे निश्चित.

युद्धानंतर तो यॉर्कला आला आणि तेथे एका भागीदाराबरोबर त्याने तेलावर चालणारे बर्नर बनविण्याचा कारखाना काढला. थंडीच्या प्रदेशात घर उबदार ठेवण्यासाठी कोळशाऐवजी तेल जाळण्याचे वारे तेव्हा वाहू लागले होते, त्यामुळे धंदा जोरात होता. हॉफमन मूळचा विक्रेता. अनोळखी दारात उभे राहून समोरच्याच्या गळी माल उतरविण्याची विद्या त्याच्या अंगी उपजत होती. याच काळात त्याने स्वतःसाठी एक बारबेल विकत घेतली आणि तिच्या नादाने त्याच्या आयुष्याची दिशा बदलली.

ही बारबेल कोठून आली, हे सांगण्यासाठी थोडे मागे जायला हवे. युजीन सँडो हे नाव महाराष्ट्राला नवे नाही. १९०४-०५ साली त्याने हिंदुस्थानचा दौरा केला होता आणि बाह्या नसलेल्या बनियनच्या रूपाने तो आजही आपल्या बोलण्यात जिवंत आहे. या सँडोचे खेळ १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात पाहून ॲलन कॅल्व्हर्ट नावाचा एक तरुण भारावून गेला. अशी वजने सामान्य माणसाला विकत मिळत नाहीत, हे त्याच्या ध्यानात आले. सर्कशीतले पहिलवान आपापली वजने ओतून घेत, पण ती एकाच मापाची असत. आपल्या तालमीतल्या दगडी नालाचेही तसेच आहे. नाल उचलता आला तर आला. नाही आला, तर त्याचे वजन कमी करण्याची सोय नाही. नवशिक्याला हवे असते ते आज थोडे आणि पुढच्या महिन्यात त्याहून थोडे जास्त. कॅल्व्हर्टने १९०२ साली फिलाडेल्फियात मायलो बारबेल कंपनी काढली आणि वजन कमीजास्त करता येईल अशा बारबेल्स टपालाने मागविण्याची सोय केली. रोज वासरू उचलता उचलता ते बैल झाल्यावरही उचलणाऱ्या प्राचीन ग्रीक मल्लाचे नाव कंपनीला देण्यात त्याने चांगलेच औचित्य दाखविले होते.

कॅल्व्हर्टच्या सुरुवातीच्या बारबेल्सना टोकाला पोकळ गोळे असत आणि त्यांत शिशाचे छर्रे भरून वजन वाढवीत. काम किचकट आणि माल महाग. पुढे गोल प्लेट्स आल्या आणि गणित बदलले. मधोमध भोक असलेली ओतीव लोखंडाची चकती बनवायला फारशी कारागिरी लागत नाही. एक बार, डंबेल्ससाठी दोन आखूड दांड्या, काही लहानमोठ्या प्लेट्स आणि त्या घसरू नयेत म्हणून स्क्रूने आवळायच्या कॉलर एवढ्या भांडवलावर साऱ्या कुटुंबाचा व्यायाम होऊ शकतो. थोरला भाऊ सगळ्या प्लेट्स घालील, धाकटा दोनच. पुढे ताकद वाढली की संबंध संच टाकून द्यावा लागत नाही, फक्त आणखी दोन प्लेट्स मागवायच्या. घरच्या घरी वजन उचलणे परवडू लागले ते या साध्या युक्तीमुळे.

हॉफमनने ही युक्ती शोधली नाही, तिचा बाजार मांडला. १९२९च्या सुमारास त्याने बर्नरच्या कारखान्यातच बारबेल्स बनवायला सुरुवात केली. लवकरच अमेरिकेवर महामंदी कोसळली. अशा वेळी लोखंडी वजने कोण घेणार, असे कोणालाही वाटले असते. घडले उलटे. कामधंदा नसलेल्या तरुणांकडे वेळ होता, हातात काही तरी कर्तृत्व असावे अशी भूक होती आणि शहरात जाऊन व्यायामशाळेची फी भरण्याइतका पैसा नव्हता. एकदाच खर्च करून तळघरात किंवा गॅरेजमध्ये कायमची ठेवता येईल अशी वस्तू त्यांना हवी होती. १९३२ साली यॉर्क बारबेल कंपनी आकाराला आली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात हॉफमनने स्ट्रेंग्थ अँड हेल्थ हे मासिक सुरू केले. १९३५ साली दिवाळखोरीत गेलेली मायलो कंपनीही त्याने विकत घेतली.

हे मासिक म्हणजे एकाच वेळी शिकवणी, वर्तमानपत्र आणि दुकान होते. स्नॅच कसा मारावा, क्लीन अँड जर्कमध्ये पाय कसे टाकावेत, याची छायाचित्रांसह माहिती त्यात असे. कोणत्या गावात कोणी किती वजन उचलले, याच्या बातम्या असत. साध्या घरांतल्या मुलांनी पाठविलेली स्वतःची छायाचित्रे छापली जात. पान उलटले की बारबेलच्या संचांची जाहिरात. ज्या गावात प्रशिक्षक नाही, तेथल्या मुलालाही आपण एका मोठ्या परिवाराचे सभासद आहोत, असे वाटे. अर्थात बहुतेक पानांवर हॉफमन स्वतःही असेच. जगातला सर्वांत निरोगी माणूस असे बिरुद त्याने स्वतःला लावून घेतले होते.

घरगुती संच आणि स्पर्धेचा संच यांत फरक होता आणि आजही घरासाठी साहित्य घेणाऱ्याला तो समजून घ्यावा लागतो. घरगुती बार साधारण एक इंच जाडीचा. स्पर्धेचा बार सुमारे सात फूट लांब आणि वीस किलोच्या आसपास, त्याची टोके जाड, आणि मुख्य म्हणजे ती टोके फिरणारी. १९२८च्या ॲमस्टरडॅम ऑलिम्पिकमध्ये जर्मनीच्या बर्ग यांच्या फिरत्या टोकांच्या बारने आपली उपयुक्तता सिद्ध केली होती आणि यॉर्कचे ऑलिम्पिक संच त्याच धर्तीवर निघाले. टोक फिरण्याचे महत्त्व एवढ्यासाठी, की स्नॅच किंवा क्लीनमध्ये उचलणारा क्षणार्धात बारच्या खाली शिरतो आणि त्याची मनगटे उलटी फिरतात. त्या वेळी जड प्लेट्सही बारबरोबर फिरू लागल्या, तर तो सारा पीळ मनगटांवर येतो. यॉर्कच्या स्वस्त घरगुती संचात यावर तोडगा म्हणून बारवर एक सैल पोकळ नळी चढविलेली असे. हाताने धरायची ती नळी, आतला बार स्वतंत्र. काम भागत असे, पण नळी म्हटल्यावर थोडी खडखड आलीच.

दुसरी अडचण प्लेटच्या व्यासाची. स्पर्धेतल्या मोठ्या प्लेटचा व्यास ४५० मिलिमीटर, म्हणजे बार जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटरवर राहतो. घरच्या लहान प्लेट्स लावल्या की बार खूपच खाली जातो, कंबर अधिक वाकते आणि ऑलिम्पिक पद्धतीची सुरुवातच चुकते. दोन्ही बाजूंना लाकडी ठोकळे ठेवून बार योग्य उंचीवर आणणे, हा त्यावरचा जुना आणि जवळजवळ फुकटचा उपाय. घरच्या लिफ्टरला बारवर खर्च करावा आणि प्लेट्समध्ये काटकसर करावी, असा सल्ला जाणकार देतात, त्याचे मर्म यातच आहे. खराब प्लेटला ठोकळा देऊन भागते, खराब बारला उपाय नाही.

बारबेल विकून मिळालेला पैसा हॉफमनने संघावर लावला, आणि ही त्याच्या आयुष्याची सर्वांत उजळ बाजू. देशभरातले चांगले लिफ्टर त्याने यॉर्कला आणले आणि कारखान्यात नोकरीला ठेवले. हौशी खेळाडूला खेळाचे पैसे घेता येत नसत. मात्र पेट्या भरण्याचे, माल पाठविण्याचे किंवा मासिकाचे काम केल्याबद्दल पगार घ्यायला कोणाची हरकत नव्हती. ही पळवाट होती, आणि मोठ्या संख्येने लिफ्टर तिच्यावर जगले. ब्रॉड स्ट्रीटवरच्या त्याच्या व्यायामशाळेतला शनिवारचा सराव पाहायला लांबून माणसे येत. सिसिलीत जन्मलेला टोनी टेर्लाझो १९३२च्या लॉस एंजलिस ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदकावर थांबला होता. १९३६ साली बर्लिनमध्ये ६० किलो गटात एकूण ३१२.५ किलो उचलून त्याने अमेरिकेला या खेळातले सुवर्णपदक मिळवून दिले. स्टीव्ह स्टँकोने १९४१ साली प्रेस, स्नॅच आणि क्लीन अँड जर्क मिळून एक हजार पौंडांची बेरीज जगात प्रथम गाठली. ब्रुकलिनचा कृष्णवर्णीय जॉन डेव्हिस १९३८ साली व्हिएन्नात जगज्जेता झाला, तेव्हा तो अवघा १७ वर्षांचा होता.

ही नावे पाहिली म्हणजे एक गोष्ट डोळ्यांत भरते. सुखवस्तू घरांतली, कॉलेजच्या मैदानावर वाढलेली मुले यांत जवळपास नाहीत. बहुतेक जण स्थलांतरित कामगारांची मुले किंवा कृष्णवर्णीय. टेनिस किंवा होडी-शर्यतींच्या क्लबांत ज्यांना कोणी आत घेतले नसते, त्यांना लोखंडाने आत घेतले. टॉमी कोनोची कथा तर विलक्षण आहे. १९४२ साली अमेरिकन सरकारने जपानी वंशाच्या आपल्याच नागरिकांना छावण्यांत डांबले, त्यात दमेकरी, काटकुळा असा हा सॅक्रामेंटोचा मुलगाही कुटुंबासह कॅलिफोर्नियातील ट्यूल लेकच्या छावणीत गेला. तेथे त्याच्या हाती प्रथम वजने आली. दहा वर्षांनी हेलसिंकीत तोच मुलगा त्या देशासाठी सुवर्णपदक जिंकत होता.

१९४७ साली फिलाडेल्फियात जागतिक स्पर्धा झाल्या. सोव्हिएत संघ आला नव्हता हे खरे, पण सहाही वजनगटांत अमेरिकन खेळाडू पहिले आले. १९४८च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये सहापैकी चार सुवर्णपदके अमेरिकेची. १९५२ साली हेलसिंकीत सोव्हिएत खेळाडू प्रथमच ऑलिम्पिकमध्ये उतरले, तरी सातपैकी चार अमेरिकेकडे राहिली. १९५६ साली मेलबर्नमध्येही तेच. एका खासगी व्यापाऱ्याच्या मालविक्रीवर चाललेला संघ एका महासत्तेच्या सरकारी यंत्रणेला आठ वर्षे पुरून उरला, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही.

या संघातला पॉल अँडरसन मात्र हॉफमनच्या कॅटलॉगमधून घडलेला नव्हता. जॉर्जियातील टोकोआ गावच्या या धिप्पाड मुलाने घरामागे जे मिळेल ते उचलले. काँक्रीट भरलेली पिंपे, मोटारीचे आस, जुनी लोखंडी चाके. जड बैठका मारण्यासाठी त्याने जमिनीत खड्डा खणला, खड्ड्यात उभे राहून वरचे वजन खांद्यावर घेतले आणि रोज थोडी थोडी माती खड्ड्यात टाकत गेला, म्हणजे बैठक दिवसेंदिवस खोल होत जाई. खड्ड्याला आणि मातीला पैसे पडत नाहीत. १९५५च्या जूनमध्ये हॉफमन आपला संघ घेऊन मॉस्कोला गेला. तेथे उघड्या नाट्यगृहात, पावसात, अँडरसनने १८२.५ किलोची प्रेस केली. सोव्हिएत प्रतिस्पर्धी १५० किलोवर थांबला होता. पुढच्या वर्षी मेलबर्नमध्ये अर्जेंटिनाच्या सेल्व्हेत्तीशी त्याची ५०० किलोंवर बरोबरी झाली आणि शरीराचे वजन कमी भरल्यामुळे सुवर्णपदक अँडरसनला मिळाले.

येथून पुढची कथा उतरणीची आहे.

बारबेलच्या धंद्याला एक जन्मजात खोट आहे. लोखंड झिजत नाही. एकदा संच विकला की गिऱ्हाईक संपले. फार तर दोन-चार प्लेट्स वाढवील. पावडरचे तसे नाही. डबा महिन्यात संपतो. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला हॉफमनने सोयाबीनच्या पिठापासून बनविलेली प्रथिनांची पावडर बाजारात आणली. ती बनविताना पिठात चॉकलेट घालून तो ते मिश्रण होडीच्या वल्ह्याने ढवळीत असे, अशी आठवण त्याच्या सहकाऱ्यांनी सांगितली आहे. हळूहळू कमाईचा मोठा भाग डब्यांतून आणि गोळ्यांतून येऊ लागला, मासिकाची पाने त्यांच्या गुणगानाने भरली. १९६०च्या दशकात अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याच्या उत्पादनांवरच्या अवास्तव दाव्यांबद्दल कारवाया केल्या. ज्या विजेत्यांनी या पावडरी यायच्या आधीच पदके जिंकली होती, त्यांचीही छायाचित्रे त्या विकायला वापरली गेली.

याहून गंभीर प्रकरण घडले १९६०च्या आसपास. संघाबरोबर १९५४ साली व्हिएन्नाला गेलेले डॉ. जॉन झीगलर सोव्हिएत खेळाडू पुरुषी संप्रेरके घेतात अशी माहिती घेऊन परतले होते. १९५८ साली सिबा कंपनीचे डायनाबॉल बाजारात आले आणि यॉर्कच्या काही लिफ्टरांना झीगलर यांनी ते दिले. त्याच वेळी तेथे आयसोमेट्रिक व्यायामाचे प्रयोग चालू होते. एका लोखंडी चौकटीत अडकविलेल्या बारला काही सेकंद जोर लावायचा, एवढाच हा व्यायाम. खेळाडूंचे आकडे झपाट्याने वर गेले. हॉफमनच्या मासिकाने त्याचे सारे श्रेय चौकटीला दिले आणि चौकट विकायला काढली. देशभरातल्या मुलांनी ती घेतली, महिनोन्महिने जोर लावला, आणि यॉर्कमध्ये दिसलेला चमत्कार आपल्या तळघरात का घडत नाही, हे त्यांना कळेना. आयसोमेट्रिक व्यायामात तथ्य नाही असे नव्हे. पण गोळीचा उल्लेख न करता चौकट विकणे ही गिऱ्हाइकाची फसवणूकच होती. प्लेट विकताना हॉफमन जे वजन तीवर कोरी, साधारण तेवढेच गिऱ्हाइकाला मिळत असे. चौकट विकताना तसे राहिले नाही. झीगलर यांना आपल्या कृत्याचा पुढे पश्चात्ताप झाला. हॉफमनने तो जाहीरपणे दाखविल्याचे दिसत नाही.

दरम्यान घरोघरचा तरुणही बदलला होता. मॉन्ट्रियलमध्ये जो वीडर नावाच्या गरीब मुलाने रेल्वेच्या भंगारातून आपली पहिली बारबेल जुळविली होती आणि १९४० साली मासिक काढले होते. वीडरने वजने विकली ती शरीर घडविण्यासाठी. आरशातले दंड महत्त्वाचे, स्नॅचचे आकडे नव्हेत. हॉफमनने वर्षानुवर्षे त्याच्यावर आपल्या मासिकातून आग ओकली, वीडरनेही ती व्याजासह परत केली. परंतु गिऱ्हाईक वीडरकडे गेले. स्नॅचला जागा लागते, उंच छत लागते, शिकविणारा लागतो. दंडाच्या व्यायामाला पलंगाशेजारची दोन फूट जागा पुरते. स्पर्धेच्या मंचावरही यॉर्कचे स्थान डळमळले. घरगुती विजेची उपकरणे करणाऱ्या एलिको या स्वीडिश कंपनीने बार बनवायला घेतला आणि १९६३च्या स्टॉकहोम जागतिक स्पर्धेत तो वापरला गेला. बर्नरच्या कारखान्यातून निघालेल्या बारला मागे टाकणारा बारही अशाच एका कारखान्यातून निघावा, हा योगायोग गमतीचाच.

१९६० साली रोममध्ये चार्ल्स विन्सीने ५६ किलो गटात सुवर्णपदक जिंकले. त्या वर्षी सोव्हिएत संघाने सातपैकी पाच नेली. विन्सीनंतर आजवर एकाही अमेरिकन पुरुषाला ऑलिम्पिक वेटलिफ्टिंगचे सुवर्णपदक मिळालेले नाही; महिलांत ते २००० साली सिडनीत टारा नॉटने आणि २०२४ साली पॅरिसमध्ये ऑलिव्हिया रीव्हजने मिळविले. म्हातारपणी हॉफमनचे लक्ष आणि बराचसा पैसा सॉफ्टबॉलकडे वळला. १८ जुलै १९८५ रोजी यॉर्क येथे तो वारला, तेव्हा त्याचे वय ८६ वर्षांचे होते. त्याच्या मासिकाचे अंक आता संग्राहकांकडे सापडतात, पावडरचे डबे केव्हाच संपले.

त्याच्या कारखान्यातल्या प्लेट्स मात्र अजून फिरत आहेत. ऑलिम्पिक संचाच्या प्लेटचे मधले भोक तेव्हा दोन इंचांचे होते आणि आजच्या बारचे टोक ५० मिलिमीटरचे असते, त्यामुळे सत्तर वर्षांपूर्वीची यॉर्कची प्लेट आजच्या बारवर बिनतक्रार चढते. अमेरिकेत घरचे जुने सामान विकायला निघते तेव्हा घरगुती लिफ्टर त्या प्लेट्स शोधत हिंडतात. खोलगट कडांच्या जुन्या प्लेट्सना तर संग्राहक नव्या मालाहून जास्त किंमत मोजतात. साध्या प्लेट्स गंज घासून, वजनकाट्यावर एकदा तपासून, कमी पैशांत कोणाच्या तरी गॅरेजमध्ये पुन्हा कामाला लागतात.